रमण्यातली ओ

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

घडली ती माझ्या सासूबाईंच्या बाबतीत. त्यांचं नाव कुसुम. टोमणे मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण खोटं त्या कधी बोलल्या नाहीत.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते. हे घडलं भर दुपारी. १९५६ चा नोव्हेंबर, रविवार, आमचं उज्जैन.

त्यानंतर वीसेक वर्षांनी मी लग्न होऊन माधव नगरच्या घरात आले, तो पहिलाच आठवडा. सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. मी ठोठावलं आणि रीतीप्रमाणे हाक मारली, "आई..."

आत कडी काढल्याचा आवाज झाला.

मग दार उघडलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीरा, मला आई म्हणायचं नाही. आणि दार ठोकून तर मुळीच नाही."

मला रागच आला. वाटलं, सून पसंत नाही वाटतं. नवऱ्याला, सुहासला, विचारलं तर तो हसला. "मी तरी कुठे आई म्हणतो?"

खरंच की. तो त्यांना वहिनी म्हणायचा. एकत्र कुटुंबात धाकटे काका म्हणायचे वहिनी, ते ऐकून पोरगंही तेच शिकलं. तेव्हा घरोघरी असं असायचं.

पुढे एकदा मेथी निवडता निवडता सासूबाईंनीच मला सगळं सांगितलं.

तेव्हा नानाखेड्याच्या पलीकडे रमणा होता. रमणा म्हणजे संस्थानाने राखलेलं रान. संस्थान विलीन झालं आणि रमणा सगळ्यांचा झाला. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही. ज्याच्या हातात कुऱ्हाड, त्याने निम्मं रान विकून खाल्लं.

उरलेलं तरी वाचावं म्हणून माधव नगरातल्या लोकांनी श्रमदान सुरू केलं. दर रविवारी सगळे जायचे. रोपांना पाणी घालायचं, काट्यांची बागड, म्हणजे कुंपण, बांधायची, वणवा पसरू नये म्हणून वाळका पाला ओढून काढायचा. पैसा नाही, पगार नाही. सासूबाई हौसेने जात, चार वर्षांच्या सुहासला कडेवर घेऊन.

तिथे एक गोष्ट सगळे पाळायचे. दुपारी विहिरीजवळच बसायचं. झाडीत कुणी जायचं नाही, झाडावर काही ठोकायचं नाही.

"का गं?" सासूबाईंनी शेजारच्या जयूताईंना विचारलं होतं. जयूताई जन्मापासून उज्जैनच्या.

"दोपहरला तिकडे नाही जायचं, बस," जयूताई म्हणाल्या. "जेव तू."

सासूबाईंचं माहेर महाराष्ट्रातलं, नगरचं. हिंदी कच्चं. त्यांनी फार चौकशी केली नाही.

त्या रविवारी जेवणं झाली. सासूबाईंनी सुहासला लुगड्याच्या घडीवर निजवलं आणि त्यांचाही डोळा लागला.

जाग आली तेव्हा घडी रिकामी होती.

आजूबाजूला कुणी नाही. विहिरीचा रहाट थांबलेला. मगाचे पोपटही गप्प. तेवढ्यात झाडीतून आवाज आला.

ठक... ठक...

आणि त्याच्या मागोमाग, लांबून, बारीक...

"आई..."

सासूबाई तशाच धावल्या. अनवाणी.

"आले रे बाळा..."

सागाचा वाळका पाला घोट्यापर्यंत होता. पण पायाखाली तो वाजत नव्हता. जरासुद्धा नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं, पाला वाजतोय. पण त्यांच्या पायाखाली नाही. डाव्या हाताला, झाडांच्या आडून, कुणीतरी त्यांच्या बरोबरीने चाललं होतं...

ठक... ठक...

"आई..."

"आले, आले..."

झाडी संपून मोकळी जागा आली. तिथे खिरणीचं जुनं झाड होतं, दोघांच्या कवेत मावणार नाही एवढं. खाली बद्री ठेकेदार उभा होता, हातात कुऱ्हाड घेऊन. आधीचं निम्मं रान यानेच कापलं होतं. त्या महिन्यात जुनं राज्य जाऊन नवं आलं, कचेऱ्यांचे कागद नव्या राजधानीला, भोपाळला निघाले, पुन्हा कुणाचं लक्ष नाही हे बघून तो उरलेल्यासाठी आला होता. मजुरांनी त्या झाडाला हात लावायला नकार दिला, म्हणून स्वतःच कापत होता.

"मेरा लड़का देखा क्या?" सासूबाईंनी विचारलं. "इधर से आवाज देता है."

"यहाँ कोई लड़का नहीं है. जाओ बाई, अपना काम करो."

त्याने घाव घातला. ठक...

"आई..."

झाडाच्या मागून. अगदी जवळून.

"आले रे," सासूबाई म्हणाल्या. "देखो, बुलाता है ना?"

बद्री थांबला. कुऱ्हाड खाली आली.

"लड़का नहीं है वो," तो हळूच म्हणाला. "औरत है."

ठक... ठक...

या वेळी कुणीच घाव घातला नव्हता. कुऱ्हाड त्याच्या हातात लोंबत होती.

मक्याच्या रोटीचा वास आला. ताज्या, तव्यावरून उतरलेल्या. आणि सासूबाईंच्या कानाशी...

"आई..."

बद्रीची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच अडकली. तो मागे सरकत झाडाला टेकला. "धापू," तो म्हणाला. "धापू, मैं नहीं था. मेरे आदमी थे."

सासूबाईंच्या पाठीवर एक हात पडला. त्या हाताने त्यांना बाजूला ढकललं.

आणि खिरणी कोसळली.

आवाज ऐकून विहिरीकडची माणसं धावत आली. जयूताईंच्या कडेवर सुहास होता. अंगावर ऊन आलं म्हणून त्यांनीच त्याला उचलून विहिरीपलीकडच्या देवळाच्या पडवीत निजवलं होतं. त्याने एकदाही हाक मारली नव्हती.

बद्री झाडाखाली होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. खोडाला कुऱ्हाडीची खाच होती वीतभर, तेवढ्याने ते झाड पडणं शक्य नव्हतं. सासूबाईंच्या निळ्या लुगड्यावर, पाठीच्या बाजूला, पिठाची पाच बोटं उमटली होती.

बद्रीच्या उशाशी फडक्यात बांधलेल्या रोट्या होत्या. जयूताईंनी हात लावून पाहिला.

गरम होत्या.

मग जयूताईंनी त्यांना सांगितलं. संस्थानाच्या काळात रमण्यात नाथू राखणदार होता. भूक लागली की तो काठीने खोडावर दोनदा ठोकायचा. त्याची बायको धापू झोपडीतून ओ द्यायची आणि रोट्या घेऊन निघायची. विलीनीकरणाच्या धामधुमीत बद्रीची माणसं झाडं तोडायला आली. नाथू आडवा आला, त्याला त्यांनी विहिरीत ढकललं. धापूला काही पत्ता नव्हता. दुपारी कुऱ्हाडीचे घाव ऐकले, तिला वाटलं नवराच बोलावतोय. ओ देत ती निघाली. तिने सगळं पाहिलं असतं, म्हणून झाड तिच्यावरच पाडलं.

"काय ओ द्यायची ती?" सासूबाईंनी विचारलं.

"काय म्हणजे? हिंदीत आपण काय म्हणतो? आई," जयूताई म्हणाल्या. "आई, म्हणजे आले."

मेथीची जुडी सासूबाईंच्या हातात तशीच राहिली होती.

"मला कुणी हाक मारतच नव्हतं, मीरा. ती ओ देत होती. आणि माझा मुलगा मला वहिनी म्हणतो, हे त्या क्षणी मी विसरले. एकदा तरी ऐकायचं होतं गं मला..."

जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "ती आई म्हणत गेली, मी आले म्हणत गेले. दोघी एकदमच पोचलो त्याच्यापर्यंत. मी नसते, तर ती पोचली असती का, कुणास ठाऊक."

मी म्हटलं, बरं झालं पोचली. मला त्या बद्रीची दया आली नाही, आजही येत नाही. कायद्याने त्याला कुणी विचारलं नव्हतं. ज्या अधिकाऱ्यांनी विचारायला हवं होतं, ते सामान बांधत होते. धापूने आपलं काम स्वतः केलं.

पण हे सगळं बद्रीपुरतं होतं.

पडलेल्या खिरणीखालच्या वाळक्या बिया सासूबाईंनी घरी आणल्या होत्या. त्यातलं एक झाड आमच्या अंगणात वाढलं. सासूबाई गेल्या, झाड राहिलं.

गेल्या महिन्यात सुहासने गाडी ठेवायला जागा हवी म्हणून ते तोडायचं ठरवलं. मी नको म्हटलं, भांडले. त्याने ऐकलं नाही. दुपारी दोन माणसं आली, मला वर कळायच्या आत घाव बसले.

ठक... ठक...

"आई..."

खालचा माणूस थांबून दुसऱ्याला म्हणाला, "कौन आई?"

आणि सासूबाईंच्या बंद खोलीतून, त्यांच्याच आवाजात...

"आले रे..."

मी जिना उतरेपर्यंत ती माणसं कुऱ्हाड टाकून पळाली होती. सुहास मात्र अंगणात उभा होता. डोळ्यांत पाणी. "मीरा, वहिनीचा आवाज होता."

आता तो रोज दुपारी त्या झाडाशी जातो आणि बोटाने खोड ठोकतो. सत्तरी उलटलेला माणूस. मी रागावले, हाता-पाया पडले. म्हणतो, आई आहे माझी, मला काय करणार आहे?

त्याची आई काही करणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण तिच्यापुढे जी चालते, त्या धापूच्या लेखी सुहास कोण? झाड तोडायला माणसं बोलावणारा.

आज दुपारीही त्याने ठोकलं. मी स्वयंपाकघरात होते.

मक्याच्या रोटीचा वास आला...

आमच्या घरात मक्याचं पीठ कधी आणतच नाहीत.