शंभर फेऱ्या

मंगळवारी संध्याकाळी सहाला छत दणाणलं आणि माझ्या काचेच्या नळीतले मणी खस्सकन खाली बसले. दुसऱ्यांदा! मी तावातावाने जिना चढले, आणि वळणावर लाकडी बूट घातलेल्या एकाच्या छातीवर आदळले.

"वर नाच शिकवणारे तुम्हीच का?"

"हो, मी तांगी. नाचायला आलात ना?" तो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

त्याला खाली प्रयोगशाळेत आणून दाखवलं. मणी तापवायचे, थंड करायचे. दर फेरीला ते केसभर दाटून बसतात. अशा शंभर फेऱ्या, तीन आठवडे. मध्ये एक धक्का बसला की पुन्हा पहिल्यापासून. माझा प्रबंध यावरच अडलेला.

"माझी आई पिठाचा डबा आपटते, लगेच बसतं..."

"तेच तर नकोय मला."

त्याने तीन आठवडे वर्ग बंद ठेवला. स्वतः मात्र रोज सहाला हजर, फ्रान्समधल्या आमच्या रेन शहराच्या भुरभुर पावसात भिजून, हातात सॉसेज गुंडाळलेलं गरम धिरडं. टेबलाला टेकू नका, मोठ्याने हसू नका, शिंकू तर नकाच... मी नुसती खेकसत होते. तो नळीवरची रेघ बघत बसायचा. आणि मी? पावणेसहापासून घड्याळ.

शंभरावी फेरी संपली. मणी बोटभर उतरले होते.

"कुणी ढकललं नाही, नुसती ऊब आणि गारवा..." तो हळूच म्हणाला. मग उठला. त्याच्या अठरा विद्यार्थ्यांतले सहाजण दुसऱ्या वर्गाला गेले होते, उरलेल्यांना बोलवायला हवं होतं. "आता माझं इथे काय काम?"

मला राहवेना. खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तळघराची. तुम्ही वर्ग बंद केलात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मिळाली. तिथे धक्का पोचत नाही."

तो बघतच राहिला. "म्हणजे मी तीन आठवडे उगाच—"

"नळी तळघरात गेली असती, तर तुम्ही रोज इथे कशाला आला असता?" माझा आवाज चढला. "आवडता तुम्ही मला. एवढंही कळत नाही?"

पहिल्यांदाच तो वैतागलेला दिसला. छान दिसत होता.

"सहा माणसं गेली माझी, सोलेन."

"एक भरून देते."

वर त्याने मला लाकडी बूट दिले, दोन नंबर मोठे. आमच्या भागातल्या गोल नाचात हात धरत नाहीत, करंगळीत करंगळी अडकवतात. त्याने अडकवली... घट्ट.

"आता आपट पाय. जोरात."

मी आपटला. खाली मण्यांचं काय झालं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.