बोगद्यात पाठीवर पडलेला हात

हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलेलं. पटत नसेल तर सोडून द्या, पण तिच्यासमोर हसू नका.

वेळ दिवेलागणीची. सायकल सहलीचा पहिलाच दिवस.

मावशी शिवणकाम करते. पन्नाशी उलटलेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तरी मैत्रिणींबरोबर आठवडाभर सायकलवर निघाली. एकूण सात जणी. सामानाची गाडी घेऊन सोबत मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

"ताई, पहिल्या दिवशी दमलीस तर सायकल टपावर, तू मागच्या सीटवर आणि थेट घरी," मामाने बजावलं होतं.

झालं. मावशी हट्टाला पेटली.

चढावर कोणी दमलं तर शेजारची तिच्या पाठीवर हात ठेवून तिला ढकलत नेते, ही सायकलवाल्यांची पद्धत. मावशीने सकाळीच सगळ्यांना दम भरला, "माझ्या पाठीला हात लावाल तर याद राखा!"

दिवसभर ती शेवटी होती. पण होती.

शेवटचा चढ एका जुन्या बोगद्यातून जात होता. पलीकडच्या तोंडाशी मामा गाडी लावून थांबणार होता. तिथून उतार, आणि उताराखाली मुक्कामाचं लॉज.

सहा जणींचे लाल दिवे बोगद्यात शिरले... आणि वळणाआड गेले.

मागून मावशी एकटी.

आत पाणी ठिबकत होतं. तिच्याच साखळीचा आवाज भिंतींवरून परत येत होता.

मग ठिबकणं थांबलं...

साखळीचाही आवाज येईना. पाय तर फिरत होते.

आणि पाठीवर हात पडला.

"डॉक्टरीणबाई, सकाळी काय सांगितलं होतं?" मावशी भडकली. डॉक्टरीणबाई गटाच्या म्होरक्या. त्याच मागे फिरल्या असणार, असं तिला वाटलं.



तिने वळून पाहिलं. कोणीच नव्हतं.

हात मात्र होता. पाच बोटं... गार.

आणि तिच्या लक्षात आलं. कोणी ढकलत असेल तर सायकल हलकी व्हायला हवी.

ही जड होत चालली होती.

कोणीतरी तिला धरून स्वतःला ओढून घेत होतं.

मावशीची पाचावर धारण बसली. पण किंचाळली असती तर मामा धावत आला असता. मग गाडी, मागची सीट, घर!

"बाई गं, कोण असशील ती अस," ती दातओठ खात म्हणाली. "मी थांबणार नाही. यायचं तर ये, पण भार टाकू नकोस!"

भार वाढला.

गुडघ्यातून कळा येत होत्या. मावशी उभी राहून पेडल मारत राहिली. तोंडात शिव्या, डोळ्यांत पाणी.

बोगद्याचं तोंड आलं... आणि पाठ मोकळी झाली.

मामाने गाडीजवळून हात केला. ती थांबलीच नाही. तशीच सुसाट लॉजवर पोचली. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळाने मामा आला.

"जिंकलीस बाई! आता तुझ्या मागून आली तिला उतरवून घ्या. पार गळून गेलीय, तोंडातून शब्द नाही. सायकलही आतच टाकून आलेली दिसते. मी गाडीत बसवलं तिला."

सातही जणी तिथेच उभ्या होत्या.

मामाने एकेकीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी मागचा दरवाजा उघडला.

सीट रिकामी होती.

पट्टा मात्र लावलेला होता... फुगीर, कोणाच्या तरी अंगावरून गेल्यासारखा.

मामाची बोबडी वळली. "ताई... उद्या तू गाडीत बस ना माझ्याबरोबर. मी एकटा नाही चालवणार."

"मी? मी सायकलवर आलेय, सायकलवरच जाणार," मावशी म्हणाली. "तू बसवलीस, आता तूच सांभाळ!"

आणि ती शेवटच्या दिवसापर्यंत सायकलवरच गेली.

मामाकडे अजून तीच गाडी आहे. परवा मला म्हणाला, "बस, घरी सोडतो."

मागची सीट रिकामी दिसत होती...

मी चालत आले.