सीटखालचा गाळ

राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या वसाहतीत रविवारी सकाळी पहिला आवाज यायचा तो अजिनाथ भिंगारदिवेच्या पान्यांचा. आठवडाभर माती तपासणी प्रयोगशाळेत शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्या उघडायच्या आणि रविवारी क्वार्टरच्या मागे उभ्या असलेल्या लाल मारुतीखाली घुसायचं, हा त्याचा क्रम ठरलेला. गाडी सत्त्याऐंशी सालची, सेकंडहँड. पण अजिनाथच्या लेखी ती नुसती मारुती नव्हती. जपानमध्ये तिची एक सख्खी बहीण होती, आल्टो नावाची. ठेवण तीच, दारंही तशीच, पण बोनेटखाली चिमुकलं इंजिन आणि त्यात हवा दाबून भरून जोर वाढवणारा टर्बो. तिचा फोटो त्याने एका जुन्या मासिकात पाहिला आणि आपल्या गाडीची तशी गाडी करायचं वेड त्याच्या डोक्यात शिरलं.

या वेडात भागीदार एकच, छगन. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले. श्रीरामपूरला रेल्वे स्टेशनच्या पलीकडे छगनचं गॅरेज होतं आणि त्याच्याकडेही एक मारुती होती, पांढरी. जपानहून भंगारात आलेल्या गाड्यांचे सुटे भाग मुंबईला कुर्ल्यात उतरायचे. छगन अधूनमधून ट्रकने जाऊन ते धुंडाळायचा. कधी जाड मुठीचं स्टिअरिंग मिळे, कधी इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर. लग्नघरात दागिने पाहतात तसा दोघं तो एकेक भाग उलटसुलट करून पाहायचे.

"टर्बो मिळंल तवा मिळंल," छगन म्हणायचा, "पन आख्ख्या जिल्ह्यात अशी गाडी न्हाई, हे ध्यानात ठिव."

शहाण्णवच्या एप्रिलमध्ये छगनने पुढच्या दोन सीटा आणल्या. काळ्या कापडाच्या, कडांना लाल शिवण, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणाऱ्या. अजिनाथ त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिला. बसवताना एक भोकसुद्धा नव्याने पाडावं लागलं नाही. डावी, चालकाशेजारची सीट धुताना मात्र तिच्या खालच्या पट्टीतून राखाडी गाळ निघाला. लोण्यासारखा मऊ, मासळीच्या टोपलीसारखा वास.

सवयीने त्याने तो बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला. गाळ कमालीचा खारट होता. भिंगाखाली शिंपल्यांचा बारीक चुरा दिसला. गाडी कधीतरी समुद्राच्या पाण्यात गेली असणार, एवढाच त्याचा अर्थ. त्याने सीट उघडून स्पंज बदलला, पट्ट्या रॉकेलने पुसल्या, उन्हात वाळवल्या आणि विषय संपवला.

पुढच्या रविवारी तो आणि सत्यशीला नगरला निघाले. सत्यशीला त्याची बायको, जवळच्या गावात शाळेवर शिक्षिका. नवी सीट तिला आवडली होती. विळद घाटाच्या अलीकडे तिने पाठीमागे हात घातला.

"अहो, तुम्ही सीट पुन्हा धुतली का?"

"नाही. का?"

"माझं पातळ ओलं झालंय."

वैशाखाचं ऊन डांबर वितळवत होतं. अजिनाथने गाडी बाजूला घेतली. सीटखाली हात घातला तर बोटांना तोच राखाडी गाळ लागला. ओला, बर्फासारखा गार.

सत्यशीलाने पदराने हात पुसले.  परत येताना ती मागच्या सीटवर बसली.

त्याने पत्रा तपासला, पाण्याची नळी तपासली, हीटर काढूनच टाकला. कुठे गळती नव्हती. तरी गाळ येत राहिला, आणि तो फक्त डाव्या सीटखाली. मग काच धुरकटायला लागली. भर दुपारी, बंद गाडीत हात लावला तर चटका बसावा अशा उन्हात, डावीकडच्या काचेवर आतून वाफ धरायची. वाटोळी, ताटलीएवढी. पुसली की थोड्या वेळाने पुन्हा, त्याच उंचीवर. शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथे.

"विकून टाका ती गाडी," सत्यशीला म्हणाली.

"गाडीचं काही नाही. सीटचं आहे."

"मग सीट काढून टाका. मला वाटतं तिथं आधीच कुणीतरी बसलंय. मी गेले की ते मला जागा देतं."

शिकलेल्या बाईने असं बोलावं याचा त्याला राग आला. पण सीट काढायला हात धजेना. इतकी वर्षं शोधून मिळालेली वस्तू होती.

मे महिन्यात गाळाचा रंग बदलला.

एका सकाळी त्याच्या बोटांना काळा गाळ लागला. चिकट, जड, कुजलेल्या शेवाळाच्या वासाचा. खारटपणाचा लवलेश नव्हता. अजिनाथने तो दोन बोटांत चोळून पाहिला. जन्मभर माती हाताळलेल्या माणसाला ओळख पटायला यंत्र लागत नाही. तरी तो प्रयोगशाळेत गेला. आदल्या उन्हाळ्यात राहुरीजवळच्या मुळा धरणातला गाळ शेतात टाकण्याजोगा आहे का ते पाहायला त्याने स्वतः विद्यापीठाच्या जीपमधून नमुने आणले होते. त्यातली एक बरणी अजून फळीवर होती. त्याने दोन्ही शेजारी ठेवले, दोन्ही तपासले.

तो धरणाचाच गाळ होता.

आणि त्याची गाडी धरणाकडे कधीही गेलेली नव्हती.

आधीचा खारा गाळ घडून गेलेल्या बुडण्याचा होता, हा आताचा पुढे घडायच्या बुडण्याचा आहे, असा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने झटकला, पण सीटा त्याच दुपारी काढल्या. गोणपाटात गुंडाळून श्रीरामपूरला नेल्या आणि छगनला सांगितलं, "ह्या तोडून जाळून टाक."

छगन त्याच्याकडे बघतच राहिला. "येड लागलं का तुला? गाळ हाय तर गाळ हाय, पुसून टाकू. जाळायच्या कशापायी?"

"छगन, माझं ऐक."

"बरं बरं. जाळतो."

आठवड्याने अजिनाथ गॅरेजवर गेला तेव्हा दोन्ही सीटा छगनच्या पांढऱ्या गाडीत बसलेल्या होत्या. लाल शिवण उन्हात चमकत होती. छगन ओशाळून हसला. त्याची बायको चांगुणा चहा घेऊन आली होती. तिच्यादेखतच अजिनाथ ओरडला. सगळं सांगितलं, अगदी वाफेचंसुद्धा. चांगुणाने हातातली बशी खाली ठेवली.

"भाऊजी, मी न्हाई बसनार त्या गाडीत," ती म्हणाली.

"तुला कोन म्हनतंय बस?" छगन म्हणाला. मग अजिनाथचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "हे बघ, शब्द देतो. धरनाकडं गाडी न्यायची न्हाई. राहुरीच्या वाटंलाच जात न्हाई. झालं समाधान?"

अजिनाथने सीटखाली हात घालून पाहिला. गाळ होता. काळाच.

तिसऱ्या दिवशी छगन वैजापूरला लग्नाला निघाला, सकाळी, एकटा. म्हणजे धरणाच्या नेमक्या उलट दिशेला. तो वेशीपाशी वळेपर्यंत चांगुणा बघत होती. गाडी वैजापूरच्याच रस्त्याला लागली होती.

लग्नात छगन पोचला नाही.

नातेवाइकांनी, पोलिसांनी वैजापूरची वाट धुंडाळली. दवाखाने पाहिले, विहिरी पाहिल्या. अजिनाथ मात्र रोज धरणावर जाऊन बसायचा. काठाने चालायचा. चाकांची खूण कुठेच नव्हती. पाणी उन्हाळ्याने आटत होतं आणि दर दिवशी काठ खाली सरकत होता.

महिनाअखेरीस मासेमाऱ्यांचं जाळं अडकलं. पांढरा टप दिसला.

तिथपर्यंत रस्ता नव्हता. बैलगाडीसुद्धा जाणार नाही अशी भेगाळलेली, चिखलाची उतरण होती. गाडी ट्रॅक्टर लावून ओढली. दारं बंद, काचा वर. आत छगन नव्हता. गळ टाकले, पाणबुडे आणले. तो कधीच सापडला नाही.

पंचनाम्याच्या वेळी हवालदाराने अजिनाथला बोलावलं. "गाडी वळखता का?"

त्याने होकाराची मान हलवली.

गाडीतून अजून पाणी गळत होतं. मीटरमध्ये गाळ, स्टिअरिंगवर शेवाळ. चालकाची सीट चिंब होती, स्पंज फुगलेला. तिच्यावर हात ठेवला तर बोटं आत रुतली.

"दुसरी बघा," हवालदार हळूच म्हणाला. "आमाला काय उमगंना."

अजिनाथ पलीकडे गेला. दार कष्टाने उघडलं.

डावी सीट कोरडी होती. लाल शिवणीवर गाळाचा कणसुद्धा नव्हता.

त्याने तळहात टेकवला. कापड ऊबदार होतं.

त्याने हात मागे घेतला. सीटच्या मधोमध खोलगट खळगा पडलेला होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्पंज हळूहळू वर येत होता.