उभा रेडिओ

केदारखेड्यात ही गोष्ट घडली ती भर दुपारी. सासूबाई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे सकाळीच परतले होते. नवरा, राजानंद, कामावर गेलेला. भावना भांडी घासून आत आली आणि सासूबाईंची बाज आवरायला लागली.

सासूबाईंची, केशरबाईंची, वाचा दीड वर्षापूर्वी लकव्यानं गेली होती. त्यांच्यासाठी राजानंदनं जालन्याहून एक छोटा रेडिओ आणला होता. त्याला बटणच नव्हतं. उभा केला की वाजायचा, आडवा केला की बंद. काही हवं असलं की केशरबाई तो उभा करायच्या. भावना येऊन विचारायची, "पाणी? कूस बदलू?" तिनं बरोबर ओळखलं की त्या रेडिओ आडवा करायच्या.

आठ दिवसांपूर्वीच्या दुपारी तो फार वेळ वाजत राहिला. भावना गच्चीवर कुरडया घालत होती. हातातलं तेवढं उरकू, म्हणता म्हणता अर्धा तास गेला. ती खाली आली तेव्हा रेडिओ वाजतच होता, आणि केशरबाई गार पडल्या होत्या. "झोपेतच गेल्या," असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

आता तिनं रेडिओ चादरीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत आडवा ठेवला आणि कडी लावली. ती वळते न वळते, तोच पेटीतून बातम्या ऐकू आल्या.

तिनं झाकण उघडलं. चादर बाजूला पडलेली. रेडिओ उभा.

तिनं तो पालथा घातला, वर सतरंजी दाबून बसवली, पुन्हा कडी लावली. घर सुन्न झालं. मग आत सावकाश काहीतरी सरकलं... आणि बातम्या पुन्हा सुरू झाल्या. केशरबाईंच्या मालिशच्या तेलाचा उग्र वास खोलीभर पसरला.

भावनाच्या तोंडून सवयीनंच गेलं, "आई... पाणी?"

रेडिओ वाजत राहिला.

"कूस... कूस बदलू?"

वाजतच राहिला.

"त्या दिवशी मी ऐकलं व्हतं... त्येच म्हणून राह्यल्या का तुमी?"

आवाज एकदम तुटला.

संध्याकाळी राजानंद जेवायला बसला, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. "ऐकून बी मी खाली आले न्हाई हो..."

त्यानं मान वर केली नाही. "माहीत हाय मला."

"कसं?"

"आईनं सांगितलं. परवा."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

"अजून बी एक सांगितलं तिनं... पण ते तुला सांगू नको म्हणली."