पन्नास तुमची, पन्नास माझी

"डबा फोडत नसतो मी," कोंबडीच्या पिल्लांचा दुकानदार म्हणाला. "घ्यायची तं शंभर घ्या, नाही तं सोमवारी या."

धम्मशीलाला पन्नासच हवी होती. आणि सोमवारपर्यंत थांबायची तिची अजिबात तयारी नव्हती. आईला राजी करायला तिला दोन महिने लागले होते. चार दिवसांत आईचं मन फिरलं तर? ती काउंटर धरून तशीच उभी राहिली. बुलढाण्यातली जानेवारीची सकाळ, नाकाचा शेंडा गार पडलेला, आणि समोरच्या पुठ्ठ्याच्या डब्यात शंभर इवल्या गळ्यांचा चिवचिवाट...

"मलाबी पन्नासच पाहिजेत," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. उंच, सावळा, मफलरमध्ये अर्धा बुडालेला एक पोरगा तिच्याकडे बघून हसत होता. मफलरमुळे ते हसू फक्त डोळ्यांत दिसत होतं. पण तेवढंही काही कमी नव्हतं!

"तुम्ही कुठल्या?" त्याने विचारलं.

"चिखलीची. तुमी?"

"देऊळगाव राजा. म्हंजे गाडी एकच. डबा मिळून घेऊ, चिखलीला कापू. पन्नास तुमची, पन्नास माझी."

"कापता येईन काय पन तो, भाऊ?"

"येईल की. इलेक्ट्रिशियन हाये मी, कटर खिशातच असतं." त्याने मफलर हनुवटीखाली ओढला. "आन्... भाऊ नका म्हणू. प्रसेनजित नाव हाये मला."

जालना गाडीत दोन जागा शेजारी मिळाल्या. डबा एका मांडीवर मावेना, म्हणून तो दोघांच्या मांडीवर आडवा बसला. रस्त्यात खड्डा आला की चारही हात एकदम डब्यावर पडत. बोटांना बोटं लागत आणि मग दोघंही खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय अशा थाटात बघत. बाहेर हरभऱ्याशिवाय काही नव्हतं.

"किती लेकरं हाये वं माय?" पुढच्या सीटवरच्या म्हातारीने वळून विचारलं.

"शंभर," प्रसेनजित गंभीरपणे म्हणाला. "पहिलीच खेप हाये आमची."

अर्धी गाडी हसली. धम्मशीलाचे कान तापले. ते थंडीने तापले, असं तिने स्वतःलाच समजावलं.

चिखलीला गाडी दहा मिनिटं थांबते. प्रसेनजितने स्टँडच्या ओट्यावर बैठक मारली, कटर काढलं आणि मधल्या पुठ्ठ्याच्या पडद्यालगत डबा कापायला घेतला. तिने उघड्या बाजूला पेपर धरला, त्याने वायरिंगची काळी टेप गुंडाळली. तेवढ्यात डोक्यावर काळा ठिपका असलेलं एक पिल्लू टुणकन बाहेर पडलं. तिच्या ओढणीवरून त्याच्या मांडीवर... तिथून कुठे गेलं कुणास ठाऊक! दोघं शोधेपर्यंत कंडक्टरने बेल मारली. तो आपला अर्धा डबा छातीशी धरून पळाला.

घरी पोचून तिने मोजली. एकोणपन्नास.

तेवढ्यात फोनवर फोटो आला. नंबर अनोळखी, पण पावतीवर दुकानदाराने दोघांचे नंबर एकाखाली एक लिहिले होते. फोटोत शर्टाच्या खिशातून डोकावणारं काळ्या ठिपक्याचं डोकं होतं आणि वर एक मोठ्ठं हसू. खाली लिहिलं होतं : 'तुमचं एक माझ्याकडं राह्यलं. काळजी नसावी. येतोच घेऊन.'

ती त्या फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. आता पिल्लू बघायला वेळ लागतोच ना!

"आलं का वऱ्हाड?" बेबीताईंनी, म्हणजे तिच्या आईने, स्वयंपाकघरातूनच विचारलं. "ध्यानात हाये ना बोलनं? एक महिना. पाचाच्या वर एकबी पिल्लू मेलं, तं मार्चात गुपचूप सागरजवळ पुण्याले जायचं, कंपनीत."

सागर म्हणजे थोरला भाऊ. पुण्यात त्याने धम्मशीलासाठी नोकरी बघूनच ठेवली होती. आणि तिला जायचं नव्हतं. बी.एस्सी. करून ती कोंबड्या पाळणार म्हणाली तेव्हा सगळ्या गल्लीने तोंडावर हात ठेवला होता, एकटे वडील सोडून. भाऊराव काही बोलले नव्हते. त्यांनी फक्त पुढच्या खोलीतल्या कूलरचा पंखा आणि वाळ्याच्या जाळ्या काढून दिल्या होत्या. हिवाळ्यात कूलर रिकामाच तर असतो! पत्र्याच्या त्या भल्यामोठ्या पेटीत धम्मशीलाने भुसा अंथरला, पेपर पसरले, गुळाचं पाणी ठेवलं आणि वर बल्ब सोडला. दुकानातला सगळ्यात मोठा, पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा बल्ब. एकोणपन्नास पिवळे गोळे कूलरमध्ये सुटले आणि तिने आनंदाने टाळीच वाजवली.

चार वाजता तो आनंद पार उतरला.

पिल्लं एका कोपऱ्यात एकावर एक चढली होती. नुसता ढीग. चिवचिव बदलली होती. आता ती बारीक, लांबट, रडवी होती. तिने हात घालून ढीग सोडवला तर तळाची तीन हलेनात.

रडू आवरत तिने फोन लावला. "भाऊ—नाही—प्रसेनजित, माह्याजवळची पिल्लं मरून राह्यली हो!"

"माझीबी ढीग करू लागलीत." त्याचा आवाजही पडला होता. "बल्ब कोणता लावला तुम्ही?"

"एलईडी. सर्वात मोठा."

"मीबी." मग पलीकडून कपाळावर हात मारल्याचा चक्क आवाज. "धम्मशीला, हात लावा बरं बल्बला."

तिने लावला. बल्ब गार होता.

"अहो, ते नुसता उजेड देतं. ऊब कुठून देईल? आन् मी इलेक्ट्रिशियन! गावातले सगळे पिवळे बल्ब मीच काढले की हो, मीच! घरोघरी एलईडी बसवले..."

"आता कुठी भेटन पिवळा बल्ब? चिखलीत तं कुनी ठेवतच नाही!"

"काढलेले बल्ब कुठं जातात? खोकंभर पडलेत दुकानात. माझ्याकडचा लावतो आन् निघतो. तवर गरम पाण्याच्या बाटल्या भरा, फडक्यात गुंडाळून मधी ठेवा."

बाटल्या भरायला उठेपर्यंत तिला दिसलं, की बेबीताईंनी पातेलं आधीच गॅसवर ठेवलं होतं. "मायाबिया काही नाही," त्या ठसक्यात म्हणाल्या. "घरात मेलेलं मले पाह्यवत नाही." आणि त्यांनी स्वतःची जुनी शाल फाडली.

दिवेलागणीला दारात मोटरसायकल थांबली. मफलर गळ्यात नव्हता. मफलरमध्ये चार बल्ब गुंडाळलेले होते, आणि चाळीस-बेचाळीस किलोमीटर बोचऱ्या वाऱ्यात येऊन त्या पोराचे ओठ निळे पडले होते.

"जयभीम काकू," तो बेबीताईंना म्हणाला.

"जयभीम. ये बाबा, आत ये आधी."

पिवळा बल्ब लागला. कूलर केशरी उजेडाने भरून गेला. दोघं गुडघ्यांवर बसून बघत राहिली... पाच मिनिटं... सात... मग ढिगातून एक पिल्लू सुटलं, चालत चालत उजेडात आलं आणि पंख पसरून आडवं झालं. मग दुसरं. मग सगळीच. चिवचिव बदलली. आता ती गप्पा मारल्यासारखी होती.

"जगली!" ती ओरडली, आणि आनंदाच्या भरात त्याचा हात धरला. तो हात बर्फ होता. तिने लगेच सोडला नाही. लोकांनी गुलाब आणले असतील, कुणी चॉकलेट आणलं असेल. आपल्यासाठी कुणीतरी पिवळा बल्ब आणला, या विचाराने तिला हसूच फुटलं.

"अन् माह्यं पिल्लू?"

"अरे!" त्याने खिसा चाचपला. "गडबडीत विसरलो की."

मग काय! रोज फोन. 'तुमची काय म्हणतात?' 'आज पंखाले पहिलं पीस फुटलं!' 'माझ्याकडं एक लई भांडकुदळ हाये, तुमच्यावर गेलंय.' 'मी काऊन भांडकुदळ?' 'बघा, आता कोण भांडू राह्यलं?' ती फोनवर हसायची आणि आत बेबीताईंचं भांडं जरा जोरात आपटायचं.

सातव्या दिवशी तो लस द्यायला आला. लसीचा थेंब पिल्लाच्या डोळ्यात सोडायचा असतो, आणि त्याला माणसं दोन लागतात. हे काही तिने ठरवलेलं नव्हतं. ती पिल्लू तळव्यात धरायची, तो वाकून थेंब सोडायचा. त्याचा श्वास तिच्या मनगटाला लागायचा.

"हात कामून थरथरतोय?" त्याने वर न बघता विचारलं.

"पिल्लू थरथरून राह्यलं. मी नाही."

"बरं. पिल्लूच." थेंब पडला. "आता डोळे मिटू द्या त्याला... तुम्ही नका मिटू."

तिने चटकन डोळे उघडले. कधी मिटले होते देव जाणे! तो निघताना तिने पुन्हा विचारलं, माझं पिल्लू? त्याने पुन्हा खिसा चाचपला. पुन्हा विसरला होता.

पुढच्या खेपेलाही विसरला. त्याच्याही पुढच्या.

इकडे कूलर अपुरा पडायला लागला. पिल्लं उडी मारून काठावर बसू लागली; एक रोज संध्याकाळी टीव्हीवर जाऊन मालिका संपेपर्यंत बसायचं. एक मात्र पाण्याच्या भांड्यात पडून गेलं, एक जन्मापासून अशक्त होतं ते गेलं. तीन आणि दोन, पाच. त्या दिवसापासून धम्मशीलाला धड जेवण जात नव्हतं. आणखी एक गेलं की पुणं. पुणं म्हणजे सागरदादाची खोली, कंपनीची बस, आणि देऊळगाव राजापासून चिखलीपेक्षा कितीतरी पट लांब.

महिना भरला तो रविवार होता. बेबीताईंनी पदर खोचला आणि एकेक पिल्लू धरून मोजलं.

"चव्वेचाळीस. सहा गेली."

"पाचच गेली, आई! एक देऊळगावले हाये!"

"तू म्हनतं हाये. मले तं दिसत नाही."

भाऊरावांनी पेपरमधून डोकं वर काढलं, बायकोचा चेहरा पाहिला आणि पुन्हा पेपरमध्ये घातलं. धम्मशीलाने फोन लावला.

"प्रसेनजित, माह्यं पिल्लू आज पायजे. आत्ता."

"आजच?"

"हाव, आजच. तेच सहावं धरून आई मले पुण्याले धाडून राह्यली."

"निघालो," तो म्हणाला, आणि फोन कटही केला नाही. गाडीला किक मारल्याचा आवाज तिला तसाच ऐकू आला.

दीड तासाने तो दारात होता. गळ्यातल्या पिशवीतून तपकिरी पिसांचं, टवटवीत, रागावलेलं एक डोकं बाहेर आलं. मधोमध काळा ठिपका.

"हेच ते, हे कशावरून?" बेबीताईंनी कमरेवर हात ठेवले. "देऊळगावात काय काळ्या डोक्याची पिल्लं नाहीत?"

धम्मशीलाने मान खाली घालून फोन पुढे केला. खिसा, ठिपका, हसू. पहिल्या दिवशीचा तो फोटो.

बेबीताईंनी फोन लांब धरला, जवळ धरला. ठिपका जुळवून पाहिला. मग लेकीकडे पाहिलं.

"पिल्लू बोटभर अन् पोरगाच हातभर दिसते याच्यात," त्या म्हणाल्या. "महिनाभर हेच पाहून राह्यली होती होय?"

धम्मशीलाला जमीन फाटेल तर बरं, असं झालं. पण बेबीताईंनी पिल्लू उचललं, कूलरमध्ये सोडलं आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "पंचेचाळीस. सागरले फोन करून सांगतो, येत नाही म्हना ते." दोन पावलं जाऊन त्या वळल्या. "चहा ठेवतो. साखर किती घेतं रे बाबा तू?"

भाऊराव कधी उठून अंगणात गेले ते कळलंच नाही. खोलीत ती दोघं उरली, आणि पंचेचाळीस पिल्लं.

"जिंकलात," प्रसेनजित म्हणाला. तो हसत होता, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. "आता मला इकडं यायला काही कारण राह्यलं नाही."

"इतके दिवस खरंच विसरत होते काय तुमी?"

"एकदाबी नाही." तो कूलरकडे बघत बोलत होता. "दर वेळी पिशवीत घालायचो... आन् परत काढून ठेवायचो. ते दिलं असतं तर पुन्हा काय म्हणून आलो असतो? मला तुम्ही आवडता, धम्मशीला. लई आवडता. त्या बसमधी म्हातारीला 'आमची' म्हणलो ना, तवापासून."

तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की ते स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं तिला वाटलं.

"बाबा मांगच्या अंगणात शेड बांधून देनार हायेत," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात नवी पिल्लं आनू."

"पन्नास?"

"तो दुकानदार डबा फोडत नाही ना. शंभर आना लागतीन." तिने पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "अन् या खेपेले... चिखलीले डबा कापायचा नाही."

आता त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचलं, कानांपर्यंत गेलं. त्याने खिशात हात घातला, कटर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"मग हे तूच ठेव," तो म्हणाला.