फिकट रेघ

पहिल्याच दिवशी मी चुकून त्याच्या खोलीत शिरले, आणि त्याने दोन्ही हातांनी टेबलावरच्या पट्ट्या झाकल्या. "बघू नका हं! सगळं बाद होईल."

मी ओशाळून बाहेर. जंतांची लागण ओळखणारी एक नवी झटपट चाचणी आम्हाला पारखायची होती. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, रेघ उमटली तर 'आहे' लिहायचं. मी पहिली वाचक, तो दुसरा. वाचायचं वेगवेगळ्या खोल्यांत, आणि एकमेकांना काही सांगायचं नाही. मत जुळलं नाही तर पट्टी तिसऱ्या वाचकाकडे, म्हणजे आमच्या खडूस मॅडमकडे जायची.

पट्ट्यांवर बोलायची बंदी, म्हणून दोन महिने आम्ही बाकी सगळ्यावर बोललो. चहा, तुटलेली चप्पल, त्याच्या आईचे गुडघे... तो हसला की चष्मा नाकावरून घसरायचा, आणि माझा जीव वरखाली व्हायचा.

कामाच्या शेवटच्या दिवशी तो माझ्या खोलीच्या दारात आला. उद्या सकाळी तो दुसऱ्या गावच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघणार होता. आणि अजून मनातलं एक अक्षर बोलला नव्हता!

"एक पट्टी उरलीय... माझं बोट टोचता?"

टोचलं. हात सोडायचा मात्र राहिला. त्यानेही आठवण करून दिली नाही. पंधरा मिनिटांनी घड्याळ वाजलं.

"काही नाही," तो म्हणाला.

"डोळे तपासून घ्या. फिकट आहे, पण आहे."

"दोन वर्षांपूर्वी झाले होते जंत. औषधाने गेले, रेघ राहिली वाटतं." तो पट्टीकडेच बघत होता. "मी गेल्यावर... तुमच्याकडेही राहील ना काहीतरी?"

मला राग आला. खरंच आला.

"मला नुसती रेघ नकोय! या चाचणीचा हाच तर दोष – पूर्वी होतं की आत्ता आहे, ते सांगतच नाही. तुम्ही तरी सांगा. आहे?"

त्याने चष्मा वर सरकवला. "आहे. पहिल्या दिवसापासून. पण वाचकांनी एकमेकांना सांगायचं नाही, असा नियम..."

"तो पट्ट्यांचा होता, वेड्या!" 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"मग तुझं वाचन?"

"तेच," मी म्हणाले. "आणि उद्याचं काय?"

"जावं लागेल. पण दर रविवारी इथे."

तेवढ्यात मॅडम आत डोकावल्या. "कशावर वाद चाललाय? मी बघू का?"

"नको मॅडम," आम्ही दोघं एकदमच बोललो, "आमचं जुळलंय."