चौकटीवरची पट्टी

बजरंग हे लिहिणारच नव्हता. यात त्याची उंची येते.

निलंग्यात सिद्रामप्पाच्या सराफी दुकानातून चांदी गेली. कुलूप शाबूत. सिद्रामप्पा त्या दिवशी लातूरला, चाव्या दोघांकडंच: पोरगा मल्लेश आणि नोकर संघपाल. कॅमेऱ्यात चोर दिसत होता, तोंडाला दस्ती बांधलेली. येणाऱ्याची उंची कॅमेऱ्यात कळावी म्हणून दाराच्या चौकटीला उंचीची पट्टी चिकटवली होती. तिच्यावर चोराचं डोकं बरोबर पाच फूट सहा इंचांवर.

संघपाल पाच-सहा. मल्लेश पाच-चार. पोलिसांनी संघपालला उचललं.

संघपाल म्हणजे बजरंगचा जिवाभावाचा दोस्त. म्हणून तो लातूरहून ग्यानोबाला घेऊन आला. ग्यानोबाचा धंदा लग्नाआधी पोरांची चौकशी करायचा. त्यामुळं माणसांबद्दल त्याचं मत लई वाईट.

चपला काढून दुकानात शिरताना बजरंगनं स्वतःला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पट्टीशेजारी बघितलं आणि खुलला. पोलीस भरतीतून एका इंचानं कमी पडून घरी आलेला गडी. “भाऊ, मी तर पाच-सहा भरायलोय.”

ग्यानोबानं किडक्या वांग्याकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं. मग पट्टीच्या वरच्या लाकडावरून बोट फिरवलं. चिकट होतं, धूळ बसलेली.

सिद्रामप्पा कुरकुरत बसला. नांदेडचं नवं दुकान संघपालच्या हाती द्यायचं ठरवलं होतं म्हणे, आणि त्यानं असे पांग फेडले.

मल्लेश पुडी चघळत ग्यानोबाला म्हणाला, “पट्टी खोटं बोलत न्हाई, काका. असल्यांना चाव्या द्यायच्याच नसतात.”

ग्यानोबानं फौजदाराला दुकानात बोलावून घेतलं आणि टेप काढून बजरंगला भिंतीला उभं केलं.

“भरतीत किती भरलास?”

“पाच-चार,” बजरंग पुटपुटला.

“टेपवर बी पाच-चार. फक्त ह्या दारात पाच-सहा, ते बी अनवाणी. ह्या वयात गडी वाढत न्हाई, पट्टी खाली उतरलीय. वर दोन इंच जुना डिंक हाय. मंग चोर खरा किती उंच? पाच-चार. साहेब, तुम्ही माणूस मोजला. पट्टी कुणी मोजली?”

फौजदार टोपी नीट करू लागला.

“नांदेडचं दुकान नोकराला जाणार म्हणून पोटात दुखलं,” ग्यानोबा मल्लेशकडं वळला. “चोरी केलीस ती केलीस, त्याला अडकवायला उतरवलेली पट्टी परत वर चिकटवायची अक्कल बी न्हाई तुला.”

चांदी मल्लेशच्या गाडीच्या डिकीत निघाली.

संघपाल सुटून आला. सिद्रामप्पानं नांदेडच्या चाव्या पुढं केल्या. संघपालनं त्या काउंटरवर तशाच राहू दिल्या आणि बाहेर पडला.

बजरंग त्याच्यामागोमाग बसस्टँडवर आला. “मला नेताना सगळ्या बाजारानं बघितलं,” संघपाल म्हणाला. “सुटताना कोण होतं? तू लिही, बजरंग. माझं नाव बदलू नको.”

बजरंगनं मान खाली घातली. मग म्हणाला, “तुझं नाव न्हाई बदलणार. आन् माझे पाच-चार बी न्हाई.”